हरकत घ्यायची तर कधी? नागपूरची जमीन, डीपी आणि जनसुनावणी

काळीकसदार

इथे दर दोन महिन्यांनी एक धागा निघतो. अमुक ठिकाणी झाडं तोडून राहिले, तमुक नाल्यावर स्लॅब पडला, काय करता येईल? खाली पन्नास प्रतिसाद, त्यातले बहुतेक ‘जनहित याचिका टाका’. टाका ना, पण तोवर पोकलेन येऊन उभा असतो. मला त्याच्या आधीचं बोलायचंय.

आपल्याकडे जमिनीचं काय करायचं ते एक कायदा ठरवतो आणि तिथे जे उभं राहील त्याने पर्यावरणाचं काय होईल ते दुसराच कायदा विचारतो. पहिला म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, सगळे एमआरटीपी म्हणतात तो. दुसरी १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची, अधिसूचना, १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालची. विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, एखाद्या मौजाचा रंग हिरव्याचा पिवळा झाला, म्हणजे शेतीचा रहिवासी झाला, की तिथे वस्ती येणार हे नक्की झालं. त्या क्षणी पर्यावरणाचा अहवाल कुणी मागत नाही. तो मागतात नंतर, एकेका प्रकल्पाला सुटा सुटा, आणि तेही बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असेल तरच. शंभर छोट्या लेआउटांनी मिळून अख्खा ओढा गिळला तरी त्यातला एकही त्या जाळ्यात सापडत नाही.

युरोपात २००१ च्या एका निर्देशानुसार आराखड्यांचंच आधी पर्यावरणीय मूल्यांकन करावं लागतं. आपल्याकडे आराखड्याला असं कायदेशीर बंधन नाही. जमिनीची कुवत बघून झोन पाडा असंही एमआरटीपीत कुठे म्हटलेलं नाही. गंमत अशी की देशभरच्या मातीचं सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या अमरावती रोडवर आहे, १९७६ पासून. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी वर्धा रोडवर आहे. राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही इथलंच. कोणती जमीन पिकाची, कोणती मुरमाड, पाणी कुठून कुठे उतरतं, हे सांगणारी माणसं या गावात ढिगाने आहेत. डीपीच्या टेबलावर मात्र त्यांची खुर्ची नाही.

अंबाझरीचंच घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत माणसं झोपेतून उठली ती पाण्यात. त्यानंतर सगळी चर्चा सांडव्यासमोरचा पुतळा आणि नाल्यावरचं बांधकाम यावर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तलावात पाणी येतं कुठून? लाव्याच्या टेकड्या, वाडी, हिंगणा एमआयडीसी. म्हणजे खालचं शहर महापालिकेचं, वर वाडी नगरपरिषद, एमआयडीसी तिच्या हद्दीत स्वतःच नियोजन प्राधिकरण, आणि उरलेली गावं एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. वरच्या अंगाला एकेका मंजुरीबरोबर माती झाकली जाते आणि पूर्वी जिरणारं पाणी धावत खाली येतं. ‘याने अंबाझरीत किती पाणी वाढेल?’ हे त्या चौघांपैकी एकालाही विचारावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: बोलायची खरी वेळ आराखड्याची आहे, प्रकल्पाची नाही. जनसुनावणी, म्हणजे मंजुरीआधी लोकांचं ऐकून घेणं, येते तेव्हा जागा ठरलेली असते. तिथे फार तर चिमणीची उंची आणि झाडांचा पट्टा यावर वाद घालता येतो.

ज्यांनी ही कामं जवळून पाहिलीत त्यांनी लिहा.

तर्रीपोहे

भाऊ, सकाळी सकाळी एवढं जड? पण ते रंगाचं पटलं. आमच्या काकांना नकाशातला पिवळा रंग दाखवून एजंटने प्लॉट विकला. नंतर कळलं तो पिवळा झेरॉक्सवाल्याचा होता.

गुंठाएकर

नगररचनेत आयुष्य गेलं, म्हणून थोडं लिहितो.

काळीकसदार यांचं मूळ म्हणणं बरोबर, पण ‘आराखड्याच्या वेळी बोला’ म्हणणं सोपं. ती वेळ नेमकी कोणती ते सांगायला हवं. कलम २५ खाली आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा होतो. मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. सरकार कलम ३१ खाली मंजुरी देतं तेव्हा काही भाग वगळून ठेवतं, त्याला ईपी म्हणतात, आणि त्यावर पुन्हा हरकती मागवतात. आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ चे फेरबदल वर्षभर चालूच असतात. कुठे शेतीचा झोन रहिवासी, कुठे खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदललं. खरी गंमत ३७ मध्ये आहे. जाहिरात पेपरात कोपऱ्यात येते, महिन्याची मुदत असते आणि तेवढ्यात कुणी ती वाचत नाही.

महानगर क्षेत्राचा आराखडा, सातशेवर गावं आणि सुमारे साडेतीन हजार चौरस किलोमीटर, जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झाला. प्रारूपावर हरकती हजारांनी आल्या होत्या. त्यांचा सूर साधारण एकच: माझ्या खसऱ्यावरचं (सर्व्हे नंबरवरचं) आरक्षण उठवा, माझ्या शेतातून रस्ता नेऊ नका. त्यात वाईट काही नाही, ज्याचं जातं तो बोलणारच. पण ‘गाव नकाशात इथे नाला आहे, तुमच्या नकाशात नाही’ असं लिहिणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके.

आणि हीच हरकत सगळ्यात पक्की असते. सातबाऱ्यावर पोटखराब ‘ब’ वर्गाचं क्षेत्र बघा. नाला, रस्ता, सार्वजनिक पाणी यांखालची जमीन तिथे लिहिलेली असते. लेआउट पाडणारा ते क्षेत्रही मोजून प्लॉटात घालतो. गाव नकाशावरची नाल्याची रेघ, सातबाऱ्यावरचं पोटखराब आणि डीपीचा भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जमिनीपुरता तुकडा), तिन्ही कागद शेजारी ठेवा. मेळ बसत नसेल तर दोन ओळींची हरकत पुरते. भाषण नको. समितीपुढे भावना मांडणारे पुष्कळ येतात, खसरा नंबर सांगणाऱ्याकडे मात्र समितीला बघावंच लागतं.

बेसा रोड

तुमचं सगळं खरं हाये, पण एक सांगा, आम्ही राहायचं कुठं?

नागपुरात ५७२ आणि १९०० म्हणून ओळखले जाणारे अनधिकृत लेआउट हे नुसते आकडे नाहीत, ते लोकांचे पत्ते आहेत. मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडला असता तर शेतातला कोण घेतला असता? २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला म्हणून आमच्यासारख्यांना आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, मिळायची वाट तरी झाली. डिमांड नोट भरली, विकास शुल्क भरलं, आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे राहिलो. आता तुम्ही म्हणून राहिले की आमच्या घराखाली ओढा होता. होता असेल. पण त्या वेळी ओढा दाखवायला कोणतं कार्यालय आलं नाही, पैसे घ्यायला मात्र आलं.

आराखडा माणसाच्या आधी यायला पाहिजे ना? इथं माणसं आधी येतात आणि मग पंधरा वर्षांनी आराखडा येऊन सांगतो, तू चुकीच्या जागी बसला.

काळीकसदार

बेसा रोड, तुमच्या शेवटच्या ओळीवर माझं काहीच भांडण नाही. उलट ती मूळ धाग्यात असायला हवी होती. परवडणाऱ्या घरांना आराखड्यात जागा नसली की ती घरं ओढ्यातच जाणार, कारण स्वस्त जमीन तीच उरते. फक्त आरएलमुळे घर कायदेशीर होतं, पाण्याची वाट बदलत नाही. पूररेषेत निळी रेषा असते ती सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपल्या वस्तीतल्या नाल्याची अशी रेषा कुणी आखलीय का, हे विचारायचा हक्क सगळ्यात आधी तिथे राहणाऱ्यांचा आहे.

कोराडीवाला

जनसुनावणीबद्दल बोलले म्हणून लिहितो. आमच्या कोराडीत कोळशावरच्या विजेचे १९८० मेगावॅटचे संच चालू आहेत, शेजारी खापरखेड्यात १३४०. त्यात ६६०-६६० चे आणखी दोन आणायचे म्हणून २९ मे २०२३ ला सुनावणी ठेवली. तारीख पाहा. नवतपा चालू! त्या दिवसात आमच्याकडे दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. तरी लोक आले, आणि गोंधळही भरपूर झाला.

राख काय असते ते शहरातल्यांना समजत नाही. गच्चीवर कुरडया वाळू घातल्या की संध्याकाळी त्यावर बोट फिरवून बघा. तुळशीचं पान पुसावं लागतं. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख शेतात गेली, कोलारमधून कन्हानकडे गेली. आणि कन्हानचं पाणी कोण पितं? नागपूर पितं.

तुम्ही म्हणता सुनावणीत फक्त चिमणीची उंची ठरते. आमच्या इथं तर ती पण आधीच ठरलेली होती.

एमडब्ल्यू

मी वीज क्षेत्रात आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मे महिन्यात याच धाग्यावरच्या प्रत्येकाचा कूलर किंवा एसी चालू असतो. नवे संच जुन्या २१० मेगावॅटच्या संचांच्या बदल्यात असं मांडलं गेलं होतं. सुपरक्रिटिकल संचाला युनिटमागे कोळसा कमी लागतो, त्यामुळे राखही कमी होते. राखेच्या शंभर टक्के वापराची अधिसूचना ३१ डिसेंबर २०२१ ला आली आहे. तो वापर झाला पाहिजे, यात शंका नाही. पण वीज पाहिजे, वीज केंद्र नको, कोळसा पाहिजे, खाण नको, असं किती दिवस चालणार?

कोराडीवाला

साहेब, केंद्र नको असं कोण म्हणते? आहे ना ते, उशाशीच आहे. दोन्ही मिळून तीन हजारांवर मेगावॅट आमच्याच डोक्यावर कशाला, एवढंच विचारून राहिलो. जुनं बंद केल्याचा हिशोब नव्याच्या अहवालात येतो, पण शेजारच्याचा येत नाही.

पिवळी नदी

शेजारच्याचा हिशोब का येत नाही, ते मला सांगता येईल. ईआयएसाठी नमुने गोळा करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काही वर्षं काम केलं.

हवेचा नमुना घ्यायचं यंत्र गावात शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या गच्चीवर ठेवतात. आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास, एका ऋतूपुरतं. त्यातला फिल्टर पेपर आधी वजन करून नेतात, नंतर पुन्हा वजन करतात. कोराडीच्या बाजूचा पेपर काढला की चिमट्यात धरतानाच कळायचं, वजनकाट्याची गरजच नसायची. लाइट गेली की यंत्र बंद, मग तो दिवस पुन्हा घ्या.

आता नियम बघा. आधारभूत माहिती एका ऋतूची चालते आणि तो ऋतू पावसाळा सोडून. हवेपुरतं हे ठीक, पावसात धूळ बसते, म्हणून कोरड्या दिवसांतली बाजू घेतलेली बरी. पण त्याच अहवालात पाणी, नाले, विहिरी हेही येतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत आमचा माणूस जाऊन नाल्याचा फोटो काढतो. नाला कोरडा. अहवालात लिहिलं जातं ‘हंगामी प्रवाह’. ऑगस्टमध्ये तोच नाला कमरेएवढा वाहतो हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं, पण अहवालाला नसतं. सुनावणीत हे बोलायचं! फोटो दाखवून, तारखेनिशी.

शेजारच्या प्रकल्पाचं असं आहे. आजच्या हवेत जेवढं प्रदूषण आहे त्यात आपल्या प्रकल्पाची भर घालून बेरीज मानकाच्या आत बसते का ते दाखवायचं. पीएम १० चं चोवीस तासांचं मानक १०० मायक्रोग्रॅम. दोन प्रकल्प एकाच हंगामात अर्ज करतात तेव्हा दोघांच्याही ‘आज’मध्ये दुसरा नसतो, कारण तो अजून उभाच नाही. एकत्रित परिणाम अभ्यासा, असं अटींमध्ये लिहिलेलं असतं. मग अहवालात त्यावर एक परिच्छेद येतो. चंद्रपूरला असंच एकेक करून मंजूर होत गेलं आणि २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात ८३.८८ गुण आले, देशातल्या सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत नंबर लागला. तेव्हा कुठे नव्या प्रकल्पांना काही काळ थांबवलं.

आणि एक. सुनावणीच्या शेवटी मांडलेले सगळे मुद्दे स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागतात आणि इतिवृत्तावर त्याच दिवशी सही व्हावी लागते. लोक बोलून निघून जातात. थांबा. वाचताना आपला मुद्दा गाळला असेल तर तिथेच हात वर करा. घरी गेल्यावर काही होत नाही. बोलायला संकोच वाटत असेल तर लेखी द्या, त्याची पोच घ्या.

तर्रीपोहे

ताई, हे ऑगस्टच्या फोटोचं लय भारी. आमच्या नाल्याचे माझ्याकडे गणपतीतले व्हिडिओ पडून आहेत, मागे डीजे वाजते तेवढं सोडा.

हिंगण्याचा

आमच्या इकडचं विचारतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘नवीन नागपूर’ मंजूर केलं. गोधनी रिठी आणि लाडगाव रिठी मौजात ६९२ हेक्टर, म्हणजे सतराशे एकर. सोबत १४८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता. त्याला जनसुनावणी होते का? आमच्याकडे कुणी म्हणते होते, कुणी म्हणते नाही.

भाव किती मिळेल यावरच गावात बोलणं चालू आहे. काळी जमीन आहे, कापूस-तूर होते, काहींच्या संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याचं झाड लावल्यापासून नीट फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात. भाव ठरवताना ते कुठे लिहितात?

गुंठाएकर

हिंगण्याचे भाऊ, नियम सांगतो, बाकी तुमच्या कागदांवर अवलंबून. २००६ च्या अधिसूचनेत बांधकाम आणि नगर वसाहतीचे प्रकल्प आठव्या बाबीत येतात. त्यांना पर्यावरण मंजुरी लागते, पण त्यात ‘अ’ वर्गाचं, म्हणजे केंद्राची मंजुरी लागणारं, काही नसेल तर जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे एका कारखान्याला सुनावणी आणि अख्ख्या नव्या शहराला नाही, असं होऊ शकतं. हे मला नोकरीत असतानाही खटकायचं.

जमिनीचं वेगळं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादन झालं तर सामाजिक परिणाम मूल्यांकन हा टप्पा असतो. काही प्रकारच्या प्रकल्पांना राज्याने दुरुस्ती करून त्यातून सूट घेतली आहे. आणि वाटाघाटीने थेट खरेदी झाली तर तो प्रश्नच येत नाही, कारण तुम्ही राजीखुशीने विकलं असं धरलं जातं. म्हणून संमतीवर सही करण्याआधी झाडं, विहीर, पाइपलाइन, गोठा यांचं मूल्यांकन लेखी मागा. सही झाल्यावर झाडं मोजायला कुणी येत नाही.

एमडब्ल्यू

पण सगळंच वाईट असं नाही. एनएच ४४ वर पेंचमधून जाणारा मनसर-खवासा रस्ता बघा. तिथे वन्यजीवांसाठी नऊ ठिकाणी खालून वाट ठेवली, सगळ्यात मोठी ७५० मीटरची. वाघ, रानकुत्रे, चितळ खालून जाताना कॅमेऱ्यात आलेत. वरून ट्रकही जातात. अभ्यास आधी केला आणि ऐकला की दोन्ही होतं.

पिवळी नदी

ते झालं ते हायकोर्टात भांडण गेलं म्हणून. प्रकल्पवाल्यांच्या पहिल्या नकाशात एवढ्या लांबीच्या वाटा नव्हत्या. उदाहरण मात्र चांगलं आहे. तिथे प्राणी कुठून ओलांडतात ते आधी मोजलं आणि त्यावरून खांब ठरले. पाण्याच्या बाबतीतही तसंच करता येतं. टेकडीवरून उतरणारी प्रत्येक वाट नकाशावर घ्या आणि मग लेआउटची रेघ मारा.

बेसा रोड

एक शंका. मंजुरी मिळून गेली, तर मग काय? हरिनाम?

काळीकसदार

नाही. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, पुरेसं कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. त्यानंतर दार बंद. आपल्यासाठी खंडपीठ पुण्याला आहे, हे आणखी एक. दुसरं काम कमी खर्चाचं: मंजुरीच्या पत्रात अटी असतात आणि त्या पाळल्याचा अहवाल सहा महिन्यांनी द्यावा लागतो. मंत्रालयाचं विभागीय कार्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे. मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर मंजुरीची पत्रं सापडतात. अट वाचा, जागेवर जाऊन बघा, आणि नसेल तर अट क्रमांक टाकून तक्रार द्या. ‘झाडांचा पट्टा’ ही अट जवळपास प्रत्येक पत्रात असते. किती ठिकाणी पट्टा दिसतो ते ज्याने त्याने आपल्या भागात बघावं.

हिंगण्याचा

काका, तो भाग नकाशा आणि जमीन कोणत्या झोनात आहे त्याचा झोन दाखला कुठून काढायचा? तलाठी म्हणते माझ्याकडे नाही.

गुंठाएकर

तलाठ्याकडे सातबारा. गाव नकाशाची अधिकृत प्रत भूमी अभिलेख कार्यालयात. झोन दाखला आणि भाग नकाशा नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्यासाठी एनएमआरडीए. अर्जात मौजा, खसरा नंबर आणि तालुका लिहा, सोबत चालू सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा, फी भरा. भाग नकाशा रंगीत मागा. काळ्या-पांढऱ्या प्रतीत शेती आणि हरित पट्टा सारखेच दिसतात.

तिन्ही कागद हातात आले की इथे खसरा नंबर झाकून टाका, नाल्याची रेघ बघून सांगतो. स्कॅन करून टाका, मोबाइलचा तिरपा फोटो नको, त्यात आकडे वाचता येत नाहीत.